मदत हवी आहे: पावसाळ्यात, कौलारू घरात घुमट आरती रेकॉर्ड कशी करावी?

नमस्कार मंडळी,

फोंड्याजवळच्या आमच्या वाड्यावर चवथीत घरोघरी फिरून आरत्या म्हणणारा सहा-सात जणांचा ताफा आहे. पुढे गाणारे माझे थोरले काका. त्यांच्याकडच्या काही चाली आता वाड्यावर दुसऱ्या कुणालाच पूर्ण येत नाहीत. आम्ही मागून झील ओढतो तेवढंच. या चाली यंदा चवथीच्या आधी घरीच नीट रेकॉर्ड करून ठेवायच्या आहेत. मोबाइलवर घेतलेल्या आरत्या आहेत, पण त्यांत कांसाळ्यांपलीकडे (मोठ्या झांजांपलीकडे) काही ऐकू येत नाही. काकांचे शब्द तर मुळीच नाहीत.

सामान असं: दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, मोठ्या डायफ्रामचा एक कंडेन्सर माइक, एक शूअर एसएम ५७ हा डायनॅमिक माइक आणि लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. खोली बारा बाय दहा फुटांची, चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, खाली सिमेंटची जमीन. एका भिंतीला फोम लावला होता, गेल्या पावसात त्याला बुरशी धरली म्हणून काढून टाकला.

वाद्यं तीन: घुमट, शामेळ (चर्मवाद्य), कांसाळं. घुमट ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मातीचं भांडं, दोन्ही बाजूंनी तोंड असलेलं. मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं, लहान तोंड उघडं. एका हातानं कातड्यावर वाजवायचं आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यानं मागचं तोंड झाकत-उघडत राहायचं. खर्ज तिथूनच घुमतो. २०१९ मध्ये गोवा सरकारनं घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, पण त्याला माइक कुठे लावावा हे मला कुठे लिहिलेलं सापडलं नाही.

आता अडचणी.

एका जाणकारांनी सांगितलं, एकेकाला हेडफोन लावून वेगवेगळं रेकॉर्ड कर आणि मग जोड. आमच्याकडे ते चालणार नाही. आरती संथ सुरू होते आणि शेवटाकडे लय चढत जाते. ती चढवतो घुमटवाला, काकांच्या तोंडाकडे बघत बघत. काकांनी एखादा शब्द लांबवला की तो हात आखडता घेतो. क्लिक (हेडफोनमधला ठरावीक लयीचा ठोका) लावून हे होणार नाही, त्यामुळे सगळे एकाच खोलीत, एकाच वेळी, हे पक्कं आहे.

घुमटाच्या मागच्या तोंडासमोर ५७ धरला तर ठोक्यागणिक हवेचा फटका माइकवर बसतो, भप्प-भप्प होतं. कातड्यासमोर धरला तर नुसती टकटक. त्यात हा खर्ज खोलीत एका जागी फुगतो आणि चार पावलांवर नाहीसाच होतो.

लॅपटॉपला चार्जर लावला की हेडफोनमध्ये बारीक ‘घूं’ ऐकू येतं, चार्जर काढला की बंद. कंडेन्सर माइक मधूनच चरचरतो, विशेषतः पावसाची झड लागली की. आणि कौलांवरचा पाऊस तर आहेच.

कृपया मार्गदर्शन करा. नवीन सामानावर फार खर्च करण्याची ऐपत नाही.

प्रतिसाद (मडगाव)

सगळ्यांना एकत्र बसवायचं हा तुमचा निर्णय अगदी योग्य आहे, त्यावर ठाम राहा. एकाच माइकवर रेकॉर्डिंग व्हायचं तेव्हा कोण कुठे उभा राहतो हेच मिक्सिंग असायचं. तुम्हीही तेच करा.

कंडेन्सर फक्त काकांसाठी ठेवा. तोंडापासून हातभर अंतर, तोंडाच्या किंचित वर, रोख ओठांकडे. तो कार्डिऑइड असेल तर पाठीमागचं सर्वांत कमी ऐकतो. म्हणून कांसाळेवाल्याला बरोबर माइकच्या पाठीकडे बसवा, जमेल तितका लांब. ओसरीच्या दारात बसवता आलं तर उत्तम. पण कांसाळ्यांचा आवाज काकांच्या मागच्या भिंतीवर आपटून पुन्हा माइकच्या तोंडात येईल, तेव्हा त्या भिंतीपुढे दोरी बांधून जाड गोधड्या दुमडून सोडा, भिंतीपासून वीतभर पुढे. गोधडी वरच्या पट्टीचा आवाज चांगला पिते, खर्जाला तिचा उपयोग नाही. अंड्यांचे ट्रे लावायच्या भानगडीत पडू नका.

घुमटासाठी ५७ बाजूनं आणा: दोन्ही तोंडांच्या मध्ये, मातीच्या अंगापासून वीतभर दूर, रोख मागच्या तोंडाच्या काठाकडे. तोंडाच्या सरळ रेषेत आलात की हवा बसणारच. मग माइक दोन-दोन बोटं सरकवत हेडफोनवर ऐका. कातड्याची टकटक आणि खर्ज यांचं प्रमाण तिथेच जमतं. दोन माइकांमधलं अंतर प्रत्येक माइकच्या आपापल्या आवाजापासूनच्या अंतराच्या तिप्पट तरी असू द्या. नंतर रीपरमध्ये एका ट्रॅकचा फेज (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटा करून बघा आणि ज्या बाजूला खर्ज भरीव वाटेल ती ठेवा.

प्रतिसाद (म्हापसा)

खर्ज फुगतो त्यामागे खोलीचं माप आहे. बारा फूट लांबीला सर्वांत खालची अनुनादी वारंवारता साधारण ४७ हर्ट्झ येते आणि दहा फुटांना ५६. त्यांच्या दुपटी ९४ आणि ११२. या पट्ट्यातले आवाज कोपऱ्यात फुगतात आणि काही जागी एकमेकांना खाऊन टाकतात. घुमटवाल्याला कोपऱ्यात बसवू नका, बरोबर मधोमधही नको. भिंतीपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर बसवून बघा. तुमचं छप्पर उतरतं आहे हे चांगलंच, वरून येणारी तक्रार कमी राहील.

‘घूं’बद्दल: चार्जर काढला की जातं म्हणजे दोष चार्जरच्या वाटेनं किंवा घराच्या अर्थिंगमुळे येतो आहे. इंटरफेस यूएसबीवर चालणारा असेल तर लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून घ्या आणि रेकॉर्डिंग बॅटरीवरच करा. मध्येच वीज गेली तरी काम थांबणार नाही. जमल्यास वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. काही जण प्लगची तिसरी पिन तोडायला सांगतात, ते कधीही करू नका. जिवावर बेतू शकतं.

माइकची चरचर दमटपणाची. कॅप्सूलवर ओल धरली की कंडेन्सर असाच बोलतो. माइक वापरात नसताना सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. एसीच्या खोलीतून काढून थेट दमट हवेत आणू नका, त्यावर पाणी सुटतं. फोम पुन्हा लावू नका. गोधड्या कामापुरत्या टांगा आणि उन्हं आली की वाळवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. बाजूनं माइक लावून आज बघितलं, भप्प गेलं आणि खर्ज आला. घुमटवाल्या दादांना ऐकवलं तर ते म्हणाले, ‘हां, हें आमचें घुमट.’

एक नवीन गोष्ट लक्षात आली. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं. वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते बंद झालं आणि झालं ते योग्यच झालं. आमचं बकरीच्या कातड्याचं आहे. या हवेत ते सैल पडतं, मग दादा चुलीजवळ धरून शेकून घेतात. पहिल्या आरतीत आवाज टणक आणि तिसऱ्यापर्यंत उतरलेला, असं होतं. दोन आरत्या एकत्र ऐकल्या की फरक कळतो.

पावसाचं काय करावं? गोंगाट काढून टाकणारं प्लगइन (रीपरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) वापरलं तर काकांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

प्रतिसाद (मडगाव)

प्रत्येक आरतीआधी कातडं शेकायचं, हा नियमच करून टाका. तेवढ्यात काकांनाही दम घेता येईल.

कौलांवरचा पाऊस नंतर काढता येत नाही. तो खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्यांत असतो, त्याला काढायला गेलात की आवाजही सोलला जातो. माइक मांडून ठेवा, खुणेसाठी जमिनीवर खडूनं रेघा मारा आणि उघडीप मिळाली की लगेच बसा. पंखा आणि फ्रिज बंद. पागोळ्यांची टपटप राहिली तर राहू द्या, ती आरतीला मारक नाही.

लेव्हल लावताना सुरुवात ऐकून फसू नका. आरतीचं शेवटचं, सर्वांत चढलेलं कडवं त्यांना म्हणायला लावा आणि तिथे शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन (इंटरफेसवरची माइकची पातळी) ठेवा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. आवाज कमी वाटला तर नंतर वाढवता येतो. फाटलेला मात्र शिवता येत नाही.

धागाकर्ता

रेघा मारून ठेवतो. काका संध्याकाळी दिवेलागणीनंतर मोकळे होतात, पण तेव्हा बेडूक सुरू होतात, म्हणून दुपारचं जेवण आवरल्यावर बसायचं ठरवलं आहे. त्यांची वामकुक्षी बुडेल, त्याला ते तयार आहेत.

आता झील धरणाऱ्यांसाठी माइक उरत नाही. ते काकांच्या माइकमध्ये मागून येतील तेवढेच. चार इनपुटचा इंटरफेस आणि एखादा साधा डायनॅमिक माइक फोंडा, कवळे किंवा म्हार्दोळच्या बाजूला कुणाकडे दोन दिवसांपुरता मिळेल का? मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि पोचवीन. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.