परसात पाणी साचतं. माती टाकून सगळं सपाट करून घेऊ का?

अंगणवेल

घरामागचं परस साधारण ३० फूट लांब आणि २५ फूट रुंद आहे. पाऊस थांबला तरी दोन-दोन दिवस पाणी हटत नाही. एक खळगा मागच्या भिंतीला लागूनच, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आहे. दुसरा मधोमध, मोठ्या झाडाच्या अलीकडे. गच्चीचा पाइपही त्याच भिंतीच्या कोपऱ्यात मोकळा सुटतो. आता आतल्या बाजूने भिंतीला गुडघ्याएवढी ओल चढली आहे, म्हणून घाई करावीशी वाटते. ट्रकभर लाल माती आणून, सगळीकडे पसरून, रोलर फिरवून जमीन एकसारखी करून घ्यायचा विचार आहे. किती जाडीचा थर टाकावा?

ओळंबा

अंगणवेल, माती मागवायचं कृपा करून थांबवा. बांधकामांवर देखरेख हेच माझं काम आहे आणि अशी भरावामुळे ओल धरलेली घरं पाहून जीव तुटतो. जमीन सपाट झाली की पाणी जायचं कुठे? त्याला ढाळ हवा, आणि तो घरापासून दूर जाणारा हवा. भिंतीपासून पहिल्या १० फुटांत जमीन ६ इंच उतरली पाहिजे. पुढे फुटाला पाव इंच उतार मिळाला तरी पुरतो, नजरेला तो जाणवतही नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमचं जोतं. भिंतीत ओल वर चढू नये म्हणून जोत्याच्या पातळीला ओलरोधक थर घातलेला असतो. बाहेरची माती त्याच्या किमान ६ इंच खाली राहायला हवी. सरसकट थर टाकलात आणि माती त्याच्या वर गेली, तर ओल त्या थराला वळसा घालून थेट विटांत शिरेल. म्हणजे ज्यासाठी खर्च करताय तेच दुखणं वाढेल.

आधी मोजमाप करा. पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक जोत्यावरच्या खुणेशी धरा, दुसरं टोक परसात जागोजागी ठोकलेल्या खुंट्यांशी न्या. दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीला येतं, त्यामुळे प्रत्येक खुंटीपाशी त्या पातळीपासून जमीन किती खाली आहे ते टेपने मोजता येतं. आकडे कागदावर मांडले की परसाचा खरा आकार समोर येतो. डोळ्यांवर विसंबू नका, कुंपण तिरपं असलं तरी नजर फसते.

दुसरं, खळग्याजवळ फूटभर खोल खड्डा करा आणि पाण्याने भरा. ते पूर्ण जिरू द्या, मग पुन्हा भरून तासाला किती इंच उतरतं ते बघा. पहिलं पाणी कोरडी माती पिऊन टाकते, त्यावरून अंदाज चुकतो. आणि पाऊस नसतानाही जागा ओली राहत असेल, तर आधी जमिनीखालची नळाची किंवा सांडपाण्याची लाइन गळते का ते तपासून घ्या.

हिरवळ

ओळंबा यांच्याशी पूर्ण सहमत. झाडापुरतं सांगतो. अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटात असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. त्यांच्यावर जाड भराव पडला की हवा मिळत नाही. झाड लगेच वाळत नाही, दोन-तीन वर्षांनी शेंडे वाळू लागतात आणि तोवर कारण कुणाच्या ध्यानातही राहत नाही. बुंध्याला माती लावून ठेवणं तर अगदी टाळा, साल कुजते.

हिरवळीतले उथळ खोलगे मात्र सहज भरता येतात. एका वेळी अर्धा इंचच माती पसरायची, गवताची पाती वर दिसत राहिली पाहिजेत. गवत वर आलं की पुढचा थर. खड्डा खोल असेल तर गवत मुळांसकट चौकोनी पट्ट्यांत उचला, खाली भरा आणि पट्ट्या परत बसवा. एक कळकळीची विनंती, चिकणमातीच्या खळग्यात नुसती वाळू भरू नका. पाणी वाळूत उतरतं आणि तळाच्या चिकणमातीवर अडून बसतं.

अंगणवेल

दोघांचेही आभार. मोजमाप केलं आणि धक्काच बसला. मागची हद्द भिंतीजवळच्या जमिनीपेक्षा २ इंच उंच निघाली! म्हणजे सगळं परसच घराकडे उतरतंय. डावीकडची आमचीच बोळ मात्र ७ इंच खाली आहे आणि ती रस्त्याकडेच्या पावसाळी गटारापर्यंत उतरत जाते. खड्ड्यातलं पाणी तासाला जेमतेम पाव इंच उतरलं, माती काळी चिकण आहे. शोषखड्डा केला तर काम होईल का? गच्चीचा जो भाग या पाइपला येतो तो ४० चौरस मीटर आहे.

ओळंबा

छान मोजलंत, आता उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ५० मिलिमीटरची जोरदार सर आली तर या एका पाइपातून २००० लिटर पाणी येणार. मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डा खडीने भरला तर खडीच्या मधल्या पोकळीत साधारण ४०० लिटर मावतं. तुमची माती ते तासाला पाव इंचाने सोडणार. शोषखड्डा तुमच्या जागी पुरा पडणार नाही, आणि तो भिंतीपाशी तर मुळीच नको.

डावीकडे न्या पाणी. भिंतीपासून १० फूट सोडून परसात आडवा, रुंद आणि उथळ चर काढा, त्याचा तळ बोळीकडे उतरता. २५ फुटांना फुटामागे पाव इंच धरला तर सव्वासहा इंच होतात, तुमच्याकडे ७ आहेत. बाजू इतक्या पसरट ठेवा की वरून सहज चालता येईल. गच्चीच्या पाइपाला बिनछिद्रांचा ४ इंची पाइप जोडून तो जमिनीखालून चरात सोडा, १०० फुटांना १ फूट उतार द्या. खोदण्याआधी विजेची आणि नळाची लाइन कुठून जाते ते शोधून ठेवा. झाडाच्या बाजूला खोदाई हातानेच करा, जाडं मूळ लागलं तर चर वळवा. शेवटी पाणी तुमच्याच बोळीतून गटारात जाऊ द्या, शेजाऱ्यांच्या हद्दीत नको आणि सांडपाण्याच्या लाइनीत तर नकोच.

चरातून निघालेली मातीच भिंतीलगत वापरा, चिकण असल्याने पाणी आत सोडणार नाही. आधी तिथलं गवत आणि वरची सुपीक माती बाजूला काढा. मग ४-४ इंचांचे थर, प्रत्येक थर धुमसाने ठोकून. जोत्यावर ओलरोधक थराच्या ६ इंच खाली खूण करून ठेवा, भराव तिच्या वर जाऊ नये. मुठीत दाबली की गोळा होते आणि बोटाने टोचली की फुटते, इतपत दमट माती हवी. चिखल ठोकू नका. ट्रक बहुधा लागणारच नाही.

अंगणवेल

हे आमच्या हातचं आहे! चर उघडा राहिला तर पहिल्या पावसात धुपणार नाही ना?

हिरवळ

उघडा ठेवलात तर धुपेल. काढून ठेवलेल्या गवताच्या पट्ट्या आधी चराच्या तळाला लावा, कडेला नंतर. पाइपाचं तोंड जिथे उघडतं तिथे मुठीएवढे दगड पसरा. पट्ट्या कमी पडल्या तर बी पेरून वर तागाचं कापड अंथरा आणि खुंट्या मारा. गवत रुजेपर्यंत ते माती धरून ठेवतं, नंतर तिथेच कुजून जातं.