शब्दचर्चा : ‘रेज बेट’ला ‘कळलाव्या’ म्हणावं का?

परवा एका रीलमध्ये एकाने ‘अस्सल सोलापुरी शेंगाचटणी’ करून दाखवली. मिक्सरमध्ये दाणे, दोन चमचे साखर, वरून मेयोनीज. खाली सोलापूरकर नुसते तुटून पडले होते. मीही रात्री साडेअकराला लिहायला बसलो : दाणे मंद आचेवर भाजायचे, लसूण, जिरं, तिखट, मीठ घालायचं आणि तेल सुटेपर्यंत उखळात कुटायचं. आईने मोबाइलमध्ये डोकावलं आणि म्हणाली, “त्यो कळ लावालाय बघ. तू कशाला नादी लागतोस?”

लोकांना राग यावा म्हणूनच केलेल्या अशा मजकुराला इंग्रजीत ‘रेज बेट’ म्हणतात. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने २०२५ सालचा शब्द म्हणून तोच निवडला. २०२४ ला ‘ब्रेन रॉट’ होता, म्हणजे फालतू मजकूर बघून बघून डोकं सडणं. ‘रेज बेट’ इंटरनेटवर पहिल्यांदा २००२ साली आला तो वाहन चालवण्यावरून. मागच्याने पुढे जायला डिपर मारला की पुढच्याचं डोकं फिरतं, त्याबद्दल. पुणे रस्त्यावर रात्री गाडी चालवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

बातम्यांमध्ये हा शब्द जसाच्या तसा येतो तेव्हा मला खटकतं, कारण आईच्या तोंडी त्याला मराठी शब्द आयता आहे. ‘कळ’ हा शब्दच केवढा मोठा! पोटात येते ती कळ, यंत्राची दाबतो ती कळ, आणि लावतात तीही कळच. शेजारी देशाने सीमेवर ‘पुन्हा कळ काढली’ असे मथळे आपण वाचतो. आणि बसस्टँडवर रडणाऱ्या पोराला आई म्हणते, ‘जरा कळ काढ’. एकात कुरापत, दुसऱ्यात धीर. पावसाळ्यात लाल-पिवळी फुलणारी कळलावी तर ठाऊकच आहे. तिचा कंद विषारी, आणि घरात ती आणली की भांडणं होतात असं जुनी माणसं सांगतात.

*प्रतिसाद, बार्शीहून :* ‘चिथावणीखोर’ आहे की.

तो मला फार जड वाटतो. चिथावणी म्हटलं की दंगल, पोलीस, गुन्हा डोळ्यांपुढे येतात. चटणीत साखर घालणाऱ्यावर कसली कलमं लावणार? ‘आगलाव्या’ही तसाच, त्यात घर जळतं.

*प्रतिसाद, अक्कलकोटहून :* पण कळलाव्याला पैसे कुठे मिळतात? नारदाला मिळाले का? रील करणाऱ्याला मिळतात. ‘बेट’ म्हणजे आमिष. ‘रागाचा गळ’ म्हणा.

हा मुद्दा मला पटला. आपण चिडून लिहितो तेवढं ते रील आणखी लोकांपुढे जातं, आणि त्याची कमाई त्यातच आहे. ती लबाडी ‘कळलाव्या’त येत नाही, ‘गळा’त येते. मग नाम म्हणून ‘रागाचा गळ’ घेऊ. ‘रागाच्या गळाला लागलो’ हे बोलायलाही सोपं जातं. विशेषण मात्र मी ‘कळलाव्या’च ठेवीन, कारण ते लिंगाप्रमाणे सहज वळतं : कळलाव्या व्हिडिओ, कळलावी पोस्ट, कळलावं रील.

*प्रतिसाद, पंढरपूरहून :* आमच्याकडे ‘काडी लावणे’ म्हणतात. काडी लावणारा काडी टाकतो आणि बाजूला उभा राहून बघतो.

बाजूला उभं राहून बघणं! ते ‘कळ लावण्या’त नाही. मंगळवेढा, मोहोळकडे काय म्हणतात?