बर्लिन: नोंदणी होणारी महाग खोली घ्यावी की नोंदणीविना स्वस्त?

नवा_मुक्काम:
मास्टर्ससाठी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बर्लिनला येतोय, सत्र १ ऑक्टोबरपासून आहे. विद्यार्थी वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत नाव आहे, पण ती यादी लवकर सरकेल असं दिसत नाही. सध्या हाताशी दोन खोल्या आहेत. पहिली युनिव्हर्सिटीजवळ, स्वस्त, तीन महिन्यांसाठी. पण देणारा म्हणतो की या पत्त्यावर आन्मेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, करता येणार नाही. दुसरी रिंगबानच्या (शहराच्या मधल्या भागाभोवती फिरणाऱ्या रेल्वेच्या) बाहेर, भाडं जास्त, नोंदणीला हरकत नाही. तीन महिने पहिलीत काढून मग बदललं तर काय बिघडेल? आणि उतरल्यावर कामं कोणत्या क्रमाने करावीत?

तिसरा_मजला:
दुसरी घ्या. राहायला आल्यापासून १४ दिवसांत पत्ता नोंदवायचा हा कायदा आहेच, पण खरा प्रश्न दंडाचा नाही, पुढे अडणाऱ्या कामांचा आहे. नोंदणीशिवाय कर क्रमांक येत नाही, बऱ्याच बँका खातं उघडत नाहीत, आणि निवास परवान्याच्या अर्जावर पत्ता कुठला घालणार? भाड्यात वाचवलेले पैसे या खोळंब्यातच जातील.

नोंदणीला पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घर देणाऱ्याच्या सहीचं वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग (तुम्ही तिथे राहायला आल्याचा दाखला) लागतं. लोक अडकतात ते या शेवटच्या कागदापाशी. भाडेकरार दाखवून भागत नाही. हा एका पानाचा फॉर्म वेगळा असतो, त्यावर राहायला आल्याची तारीख आणि राहणाऱ्याचं नाव हवं. पोटभाड्याने राहणार असाल तर मूळ भाडेकरूची सही चालते, मात्र त्याने घरमालकाची परवानगी घेतलेली असावी. 'नोंदणी नाही' म्हणणाऱ्याने बऱ्याचदा नेमकी हीच परवानगी घेतलेली नसते.

अपॉइंटमेंट शहरातल्या कुठल्याही ब्युर्गरआम्टमध्ये (नागरिक सेवा कार्यालयात) चालते, घराजवळचंच हवं असं नाही. म्हणून सगळी कार्यालयं एकत्र निवडून शोधा. सकाळी कार्यालयं उघडायच्या सुमारास बुकिंगचं ऑनलाइन पान पुन्हा पुन्हा ताजं करत राहा, रद्द झालेल्या वेळा दिसायला लागतात. ११५ वर फोन करूनही विचारता येतं. १४ दिवसांतली वेळ नाहीच मिळाली तर मिळेल ती घ्या आणि पुष्टीचा ईमेल जपून ठेवा. नोंदणी फुकट आहे; वेळ मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नका.

हिशेबनीस:
क्रम नंतर, आधी हातातले पैसे बघा. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो दिसत असले तरी महिन्याला सुटतात ९९२, आणि तेही खातं सुरू केल्यावर. त्यासाठी सहसा इथलं चालू खातं लागतं, काही ठिकाणी नोंदणीचा कागदही. इकडे डिपॉझिट मात्र काल्टमीटेच्या (हीटिंग वगैरे खर्च सोडून नुसत्या भाड्याच्या) तिपटीपर्यंत मागता येतं. समजा काल्टमीटे ५०० आहे: डिपॉझिट १,५००, वर पहिल्या महिन्याचं वार्ममीटे (हे खर्च धरून भाडं). ९९२ मध्ये हे बसत नाही, त्यामुळे तेवढी रक्कम वेगळी आणि लगेच वापरता येईल अशी आणा. डिपॉझिट तीन मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क कायद्याने दिलाय. देणारा कुरकुरला तरी करारात तसं लिहून घ्या.

वार्ममीटेत हीटिंग धरलेलं असतं, वीज आणि इंटरनेट असेलच असं नाही. विचारून घ्या. आणि 'मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली पोस्टाने येईल' अशी जाहिरात दिसली की फोटो कितीही छान असोत, सोडून द्या.

नवा_मुक्काम:
धन्यवाद. पहिली जवळजवळ बाद. पण एकाने सुचवलंय की ओळखीच्या माणसाच्या पत्त्यावर नुसती नोंदणी करायची आणि राहायचं पहिल्या खोलीत. सर्रास चालतं म्हणे.

तिसरा_मजला:
सर्रास चालतं म्हणून कायदेशीर होत नाही. जिथे कुणी राहणारच नाही असा पत्ता नोंदणीसाठी देण्याला मनाई आहे आणि दंड ५०,००० युरोपर्यंत होऊ शकतो. तो ओळखीचा माणूसच गोत्यात येईल.

ऋतुरंग:
विम्याचं कुणीच बोललं नाही, आणि ते काम तर निघण्याआधीचं आहे. विमा कंपनी तुमच्या युनिव्हर्सिटीला ऑनलाइन कळवते, त्याशिवाय प्रवेश पूर्ण होत नाही. वय ३० च्या आत असेल तर सार्वजनिक आरोग्य विमा विद्यार्थी दराने मिळतो. खासगी स्वस्त दिसतो खरा, पण त्यासाठी सार्वजनिक विम्यातून सूट घेतलीत की शिक्षण संपेपर्यंत ती मागे घेता येत नाही. सही करण्याआधी हे दोनदा वाचा. शिवाय विद्यार्थी विमा सहसा सत्राच्या पहिल्या दिवसापासून लागू होतो, त्यामुळे तुमचे सप्टेंबरमधले दिवस उघडे राहतात. तेवढ्यासाठी प्रवास विमा घ्या.

दुसरं, व्हिसावरची शेवटची तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाका. निवास परवान्याचा ऑनलाइन अर्ज तिच्या आत गेला तर निर्णय होईपर्यंत तुमचा मुक्काम कायदेशीर राहतो. तारीख उलटल्यावर केलेल्या अर्जाला हे संरक्षण आपोआप मिळत नाही. भेटीची वेळ मिळायला खूप दिवस लागतात, म्हणून विमा, प्रवेशपत्र, पैशांचा पुरावा आणि नोंदणीचा कागद हाती आला की लगेच अर्ज करा, पावतीची पीडीएफ उतरवून ठेवा.

म्हणजे क्रम असा: विमा आणि प्रवेश, मग खोली, नोंदणी, बँक, ब्लॉक्ड अकाउंट सुरू करणं, परवाना. पार्ट टाइम नोकरी त्यानंतर बघा. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं.

पत्रपेटी:
सगळं बरोबर, पण एक बारीक काम राहिलं. राहायला गेल्या दिवशीच लेटरबॉक्सवर आणि बेलवर आडनाव लावा. इथल्या पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन नाव शोधतो. नाव नसेल तर पत्र परत. कर क्रमांक पोस्टानेच येतो, नोंदणीनंतर काही आठवड्यांत. तो नोकरी देणाऱ्याला दिला नाही तर पगारातून सहाव्या वर्गाने, म्हणजे सर्वात जड कर कापला जाऊ शकतो.

पुढे वसतिगृहात नंबर लागला तर तिथे गेल्यावर पुन्हा १४ दिवसांत नोंदणी करायची. जुना पत्ता वेगळा रद्द करावा लागत नाही.

नोंदणीनंतर रुंडफुंकबाइट्रागचं (सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या सक्तीच्या वर्गणीचं) पत्रही येईल. ते जाहिरात समजून टाकू नका. महिना १८.३६ युरो, पण घरामागे एकदाच, माणसामागे नाही. फ्लॅटमधलं कुणी आधीच भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक उत्तरात कळवा आणि तुमचा वाटा त्याला परस्पर द्या.