गवती चहा, लिंबू, मोसंबीचं थंड ड्रिंक: पिणाऱ्यांना आणि न पिणाऱ्यांना एकच बेस चालेल का?

कोलशेतची_मी
मंडळी, मदत हवीये. पुढच्या शनिवारी संध्याकाळी आमच्या टेरेसवर (ठाणे) पंधराएक जण जमतोय, निम्मे पिणारे निम्मे न पिणारे, शिवाय सासूबाई आणि कॉलेजात जाणारी दोन भाचरं. दरवेळी होतं काय, की पिणाऱ्यांसाठी सगळा सरंजाम आणि बाकीच्यांच्या हातात कोल्ड्रिंकची बाटली, हे मला अजिबात पटत नाही, त्यांच्यासाठीपण कोणीतरी मन लावून काहीतरी केलेलं असायला हवं ना. कुंडीत गवती चहा माजलाय, पुदिना आहे, तुळस आहेच. लिंबं-मोसंबी जांभळी नाक्यावरून आणीन. असं जमेल का की बेस एकच करायचा आणि ज्याला हवी त्याने आपल्या ग्लासात जिन नाहीतर व्हाइट रम घालायची? प्रमाण सांगा प्लीज, आणि आधी काय काय करून ठेवता येईल तेही.

नेरूळकरीण
जमेल की! फक्त बेस नुसता प्यायला तरी पूर्ण वाटला पाहिजे, हे आधी बघा. पंधरा जण म्हणजे दोन राउंडचे तीस ग्लास धरू. अर्धा किलो साखर घ्या. आठ-दहा लिंबांची साल पीलरने अगदी पातळ काढा, पांढरा भाग नको, तो कडू असतो. साल आणि साखर हाताने चांगली चोळून तासभर झाकून ठेवा, साखर ओलसर होते, बोटं तेलकट होतात आणि सगळ्या किचनभर लिंबाचा वास सुटतो, खरा स्वाद त्या तेलात असतो, रसात नुसता आंबटपणा. मग अर्धा लिटर पाणी उकळून गॅस बंद, त्यात कात्रीने कापलेली गवती चहाची मोठी मूठभर पाती, झाकण, वीस मिनिटं. पाती उकळत ठेवू नका हं, काढा होतो. गाळून ते गरम पाणी सालीच्या साखरेवर ओता, विरघळलं की परत गाळा. पाऊण लिटरच्या वर सिरप होतं, आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये ठेवलं तरी उत्तम राहतं.
एका ग्लासला २५ मिली लिंबाचा रस, २५ मिली सिरप, ५० मिली मोसंबीचा रस, चिमटीभर मीठ, भरपूर बर्फ आणि वरून १०० मिली सोडा. मीठ विसरू नका, त्याने चव उठते. लिंबं पस्तीसेक लागतील. गवती चहा आणि लिंबाची साल दोन्हींत सिट्राल हा एकच सुगंधी घटक असतो म्हणून ही जोडी इतकी जमते.

वाशी_मार्केटवाला
वरची रेसिपी झकास आहे, एक भर घालतो, मोसंबीचा रस आदल्या दिवशी काढून ठेवू नका. मोसंबीच्या रसात थोड्या वेळाने लिमोनिन नावाचा कडू घटक तयार होतो आणि तो कडवट होतो, फ्रीजमध्ये ठेवला तरी होतोच. पाहुणे यायच्या अर्धा-पाऊण तास आधी काढा, आणि मिक्सरमध्ये फिरवू नका, बिया भरडल्या तर आणखीन कडू. हातरसयंत्र बेस्ट. पुदिन्याचंही तसंच, लोक खलबत्त्यात कुटून त्याचा लगदा करतात मग गवतासारखी चव येते आणि पानं दातात अडकतात. सात-आठ पानं तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एक टाळी मारायची, बस, वास मोकळा होतो, आणि पानं अख्खीच ग्लासात टाकायची.
मोसंबीऐवजी पपनस घालायचा विचार आला तर घरात बीपीच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या कोणाला चालू आहेत का ते बघा, त्यातल्या काही गोळ्यांबरोबर पपनस चालत नाही.

कोलशेतची_मी
बापरे किती छान सांगितलंत दोघांनी! पपनस नकोच मग, सासूबाईंना बीपीची गोळी आहे. तुळस घालू का? आणि दारूचं प्रमाण कोणी सांगेल का, आमच्याकडे सगळे अंदाजपंचे ओततात.

खारघर_हिल्स
दारूचं मी सांगतो. ग्लासला ४५ मिली पुरे, आणि जेवढी दारू तेवढा सोडा कमी करायचा, म्हणजे साधारण ५०-६० मिली सोडा, नाहीतर सगळं पांचट लागतं. दारूने गोडवा दबतो म्हणून सिरप चमचाभर जास्त. पुदिना जास्त घालणार असाल तर व्हाइट रम, क्यूबाचं मोहितो हे कॉकटेल त्याच जोडीवर उभं आहे. गवती चहा पुढे ठेवायचा असेल तर जिन, तिच्यात ज्युनिपर नावाच्या झुडपाच्या फळांचा स्वाद असतो तो त्याला छान धरतो.
तुळस मी नाही घालणार. एकतर तिला लवंगेसारखा तिखट वास असतो (युजेनॉल), तो लिंबाला खाऊन टाकतो, आणि दुसरं म्हणजे दारूच्या ग्लासात तुळस बघून घरातल्या मोठ्यांना वाईट वाटू शकतं, ते कशाला. त्याऐवजी सब्जाची पानं मिळाली तर बघा, सब्जा म्हणजे बेसिलच. जर्मनीत हॅम्बुर्गच्या एका बारमध्ये २००८ साली जिन, लिंबू आणि बेसिलचं ‘जिन बेसिल स्मॅश’ निघालं आणि जगभर गेलं, म्हणजे जोडी पारखलेली आहे.
आणि कळकळीने सांगतो, दारू जगमध्ये अजिबात मिसळू नका, ज्याच्या त्याच्या ग्लासातच घाला. जग एकसारखे दिसतात, सासूबाईंच्या हाती भलताच लागायला नको. भाचरं कॉलेजात म्हणालात, महाराष्ट्रात हार्ड लिकरला वय २५ लागतं, तर त्यांना बेसच द्या. त्यांच्या ग्लासात सोड्याऐवजी टॉनिक वॉटर घाला, त्यातल्या क्विनिनचा कडवटपणा येतो आणि ते नुसतं सरबत वाटत नाही, फक्त टॉनिक गोड असतं म्हणून सिरप निम्मं करा.

नेरूळकरीण
सब्जाची पानं नाही मिळाली तर आल्याचा रस, ग्लासला अर्धा चमचा. न पिणाऱ्यांना घशाला जो झटका हवा असतो तो त्याने येतो, माझ्या आईला तर तोच ग्लास आवडतो.

कोलशेतची_मी
ठरलं! शुक्रवारी रात्री सिरप, शनिवारी दुपारी लिंबं पिळणार, मोसंबी सगळ्यात शेवटी. सोडा आणि बर्फ किती आणू?

वाशी_मार्केटवाला
सोडा चार लिटर, छोट्या बाटल्या घ्या, मोठी उघडली की गॅस उडतो. आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये टाका, गरम सोडा ओतलात तर बर्फ लगेच वितळून पाणचट होईल. बर्फ आठ-दहा किलो, विकतचा आणा, घरच्या ट्रेवर पंधरा माणसं निघणार नाहीत. आणि त्यातला बाटल्या गार करायचा वेगळा ठेवा, ग्लासात खाण्याचाच बर्फ.