डान्सबार बंदी: २०१३ चा निकाल तुम्हाला पटतो का?

निळीशाई: सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ ला डान्सबार बंदी घटनाबाह्य ठरवली, ते मला शंभर टक्के पटतं. २००५ साली आर. आर. आबा गृहमंत्री असताना मुंबई पोलीस कायद्यात दोन कलमं घातली गेली. ३३अ ने परमिट रूम, बियर बारमधला नाच बंद. ३३ब ने मात्र थ्री स्टारपासून वरची हॉटेलं आणि जिमखान्यांना सूट. तोच नाच, तीच गाणी, फक्त बिल मोठं! उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्येच ही बंदी रद्द केली होती.

आई तेव्हा मालाडला या मुलींचे घागरे शिवायची. बंदी आली आणि टिकल्या अर्ध्याच लावलेले तीन घागरे मशीनशेजारी पडून राहिले. न्यायला कुणी आलंच नाही. पुढे त्यातली एक ताई स्टेशनवर दिसली, तर आईला "आता काय करतेस?" विचारायचा धीर झाला नाही.

खाडीपलीकडचा: वाईट वाटलं वाचून. पण आमच्या काकांना जमिनीचा मोबदला मिळाला आणि दोन वर्षांत सगळा बारमध्ये गेला. काकू रात्री दोन-दोनपर्यंत ओट्यावर बसून रिक्षाची वाट बघायची. निकालानंतर २०१४ ला विधिमंडळाने एकमताने पुन्हा बंदी आणली, ती अशा घरांसाठीच. निवडून दिलेल्या सगळ्यांना जे कळत होतं, ते कोर्टाने का मोडावं?

निळीशाई: एकमत झालं म्हणून कायदा घटनेत बसतो असं नाही. काकांचे पैसे गेले ते नोटा उधळण्यात. मग उधळण्यावर बंदी घाला ना! २०१९ च्या निकालात न्यायालयाने तेच केलं: उधळणं बंद, टिप देता येईल, रात्री साडेअकराला नाच बंद. जाचक अटी तेवढ्या काढल्या. नियम करा, मुलींची रोजीरोटी का तोडता?

खाडीपलीकडचा: ३३ब चुकलंच, ते मान्य. सूट द्यायलाच नको होती. सरसकट बंद केलं असतं तर कोर्टात टिकलं असतं.

निळीशाई: मला नाही वाटत. निकाल नुसत्या समानतेवर नव्हता, घटनेच्या कलम १९ मधल्या व्यवसायाच्या हक्कावरही होता. बंदीमुळे काही जणींना वेश्याव्यवसायात जावं लागलं, हेही न्यायालयाने नोंदवलंय. काकूंचं दुःख खरं आहे, पण त्याची किंमत या मुलींनी का मोजायची?

खाडीपलीकडचा: मग काकूने का मोजली?