मदत हवी आहे : ठाण्यात ब्रँडीवाईन, चेरोकी पर्पल टोमॅटो बियांपासून – रोपं कोलमडतात, फुलं गळतात

आंबटगोड
घोडबंदर रोड, अकरावा मजला, दक्षिणेकडे तोंड असलेली बाल्कनी. वर स्लॅब आहे, त्यामुळे पाऊस थेट येत नाही. ब्रँडीवाईन, चेरोकी पर्पल आणि ब्लॅक क्रिम अशी टोमॅटोची तीन हेअरलूम (जुनी, पिढ्यान्‌पिढ्या बी राखून जपलेली) वाणं लावायची आहेत.

सध्याची स्थिती : प्रो ट्रेमध्ये (रोपांच्या कप्प्यांचा ट्रे) नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), रोज सकाळ-संध्याकाळ स्प्रेने पाणी. उगवण छान होते, पण पहिली खरी पानं यायच्या आतच देठ बुडाशी दोऱ्यासारखा बारीक होतो आणि रोप आडवं पडतं. जी वाचतात ती लांबुडकी, फिकट.

दुसरी अडचण फुलगळीची. फेब्रुवारीत पेरलेली झाडं छातीएवढी होतात, एप्रिलमध्ये फुलतात, आणि फुलाच्या देठावरची ती छोटी गाठ पिवळी पडून फूल तिथूनच सुटतं. फळ एकही धरत नाही. ०:५२:३४ (स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत) देऊन फरक पडला नाही. आता ऑगस्ट संपत आलाय. लगेच पेरू की थंडी पडेपर्यंत थांबू? माती कोणती वापरू?

पाटपाणी
आधी फुलगळ, कारण तिचं उत्तर खताच्या डब्यात नाही, कॅलेंडरवर आहे. दिवसा ३२ च्या वर आणि रात्री २१-२२ च्या वर तापमान राहिलं की टोमॅटोचे परागकण नीट तयार होत नाहीत. पराग निकामी म्हणजे फळधारणा नाही, आणि झाड ते फूल गाठीपाशी टाकून देतं. एप्रिलमध्ये आपल्याकडे रात्रीसुद्धा पारा २४ च्या आसपास असतो. तिथे ०:५२:३४ काय करणार?

ठाणे-नवी मुंबईत मोठ्या फळांच्या वाणांची फुलं नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उमलली पाहिजेत. डिसेंबर-जानेवारीत रात्री १६ ते १९ अंश मिळतात, तोच आपला हंगाम. आता उलटं मोजा. पेरणीपासून रोप हलवण्याजोगं व्हायला साडेचार-पाच आठवडे, तिथून फुलांचा पहिला घोस यायला पाच-सहा आठवडे. म्हणजे पेरणी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून १५ सप्टेंबरपर्यंत. मुंबईतून पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. रोप लागवडीच्या मोठ्या पिशवीत नेमकं त्याच सुमारास जातं. थंडी पडेपर्यंत थांबलात, नोव्हेंबरअखेर पेरलंत, तर फुलं फेब्रुवारीच्या मध्यावर येतील आणि मार्चच्या उन्हाळ्यात सापडतील. चेरी टोमॅटो तेवढ्यातही निभावून नेतो, ब्रँडीवाईन नाही.

बाल्कनी दक्षिणेची आहे हे उत्तम. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि ऑगस्टअखेरही जवळपास डोक्यावरच, म्हणून तिथे आत्ता अंधार वाटतो. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी दक्षिणेला ४७ अंशांवर येतो आणि ऊन स्लॅबखालून आतपर्यंत शिरतं.

वाफसा
रोपं कोलमडण्याबद्दल. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशींचं काम आहे, आणि बुडाशी देठ आवळला की ते रोप गेलंच, औषध शोधू नका. शेजारची वाचवायची असतील तर पडलेलं रोप त्या कप्प्यातल्या कोकोपीटसकट काढून टाका.

कारण तुमच्याच वर्णनात आहे : पावसाळी हवा, वरून दोनदा स्प्रे, वारा नाही. कोकोपीटचा वरचा थर तपकिरी आणि कोरडा दिसतो, म्हणून माणूस पाणी मारतो. खाली बोट घाला, चिखल लागेल. मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब पडावा, धार लागू नये.

आता पेरताना असं करा. कोकोपीटची वीट भिजवून साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, कारण त्यात क्षार असतात. मग उकळतं पाणी ओतून झाकून गार होऊ द्या. पूर्ण गार झाल्यावर ट्रायकोडर्मा (रोगट बुरशींना रोखणारी उपयोगी बुरशी) पावडर मिसळा, किलोला ५ ग्रॅम. गरम असताना घातलीत तर तीच मरेल. दोन भाग कोकोपीटला एक भाग परलाईट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) घाला. बी अर्धा सेंटीमीटर खोल, एका कप्प्यात एकच. पाणी खालून द्यायचं : ट्रे पाण्यात दहा मिनिटं ठेवायचा, काढायचा, निथळायचा, आणि उचलून हलका लागेपर्यंत परत नाही. टेबलफॅन सगळ्यात कमी वेगावर, लांबून, दिवसाचे काही तास.

परदेशी व्हिडिओंत बियांखाली हीट मॅट दाखवतात, ती इथे विकत घेऊ नका. टोमॅटोला उगवायला २१ ते २७ अंश लागतात, ते सप्टेंबरात फुकट मिळतात. पाच ते दहा दिवसांत बी वर येतं. पैसे प्रकाशावर घाला : २० वॅटची पांढरी एलईडी ट्यूब, रोपांच्या शेंड्यापासून १०-१५ सेंटीमीटर वर, चौदा तास. उगवल्याच्या दिवसापासून, दोन दिवसांनी नाही. लांबुडकेपणा पहिल्या ४८ तासांतच ठरतो.

कोकोपीटमध्ये अन्न जवळपास नसतंच. खरी पानं आली की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा.

आंबटगोड
हे स्पष्ट झालं, धन्यवाद. आत्ताची लांबुडकी रोपं टाकून द्यायची का? आणि पिशवीसाठी जवळच्या नर्सरीतली लाल माती आणून ठेवली आहे, ती चालेल ना?

ऐरोली_गच्ची
लांबुडकी टाकू नका. टोमॅटोच्या देठाला जमिनीखाली मुळं फुटतात. हलवताना खालची पानं काढून पहिल्या खऱ्या पानांपर्यंत देठ पुरा.

लाल माती मात्र नको, तिच्यात वांगी-मिरची लावा असंही म्हणणार नाही. कोकणपट्टीतल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत जिवाणूजन्य मर रोगाचा जिवाणू, राल्स्टोनिया, सर्रास असतो. झाड हिरवंगार असताना दुपारी अचानक माना टाकतं, संध्याकाळी सावरतं, आणि तीन-चार दिवसांत उभं वाळतं. पानं पिवळीसुद्धा पडत नाहीत, म्हणून लोक पाणी कमी पडलं समजून अजून ओततात. ओळखायची खूण : बुडाजवळचा देठ कापा, तुकडा काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात टांगा. दोन-चार मिनिटांत कापाच्या तोंडातून दुधी धागे खाली उतरताना दिसले की तोच रोग. ती माती फेकायची, कुंडी ब्लीचने धुवायची. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या (आयसीएआर) बंगळुरूच्या संस्थेने अर्का आभा, अर्का आलोक अशी या रोगाला दाद न देणारी वाणं काढली आहेत. हेअरलूममध्ये ती ताकद नाही. वांग्याच्या रोपावर कलम करणं हा एक उपाय आहे, पण पहिल्याच हंगामात त्या भानगडीत पडू नका.

पिशवी १५ बाय १५ इंची, भरल्यावर ३५-४० लिटर. एका पिशवीत एकच झाड. भरायचं ते बिनमातीचं : चार भाग धुतलेलं कोकोपीट, तीन भाग गांडूळखत, एक भाग परलाईट, वर शंभर ग्रॅम निंबोळी पेंड आणि दोन मोठे चमचे जिप्सम (कॅल्शियम देणारं खनिज). ओली पिशवी तीसेक किलोपर्यंत जाते, आधी जागा ठरवा आणि मग भरा. लोखंडी ग्रिलवर टांगण्याचा विचारही नको.

पाटपाणी
जिप्समला अनुमोदन, गांडूळखत मी दोनच भाग घालेन. नत्र जास्त झालं की ब्रँडीवाईन नुसती पानं वाढवतं, मुळात ते लाजाळूच आहे फळांच्या बाबतीत. तिघांत भरवसा चेरोकी पर्पल आणि ब्लॅक क्रिमवर ठेवा.

फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग आला तर तो रोग नाही, फळापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही इतकंच. बहुतेक वेळा मूळ कारण एक दिवस कोरडं, एक दिवस तुडुंब असं पाणी. अंड्याची टरफलं टाकू नका, ती या हंगामात विरघळत नाहीत. फुलं लागल्यावर कॅल्शियम नायट्रेट लिटरला १ ग्रॅम, आठवड्याला. ते ०:५२:३४ किंवा एप्सम सॉल्टबरोबर (मॅग्नेशियम सल्फेट) एकाच बादलीत कालवू नका, पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात.

झाडं एका किंवा दोन खोडांवर सुतळीला चढवा, बगलफूट (पानाच्या बगलेतून येणारा फुटवा) बोटभर असतानाच मोडा. फेब्रुवारीच्या मध्यावर शेंडा खुडा. त्यापुढची फुलं धरणार नाहीत, झाडाची ताकद लागलेल्या फळांना जाऊ द्या.

अकराव्या मजल्यावर भुंगे क्वचितच येणार. टोमॅटोचा पराग फुलातल्या नळकांड्यातून कंपनाने झडतो. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, दव सुकल्यावर, इलेक्ट्रिक टूथब्रशची पाठ घोसाच्या देठाला दोन-तीन सेकंद लावा. हवा दमट असली की पराग चिकटून बसतो, तेव्हा दुपारी एकदा परत.

खारघर_परसबाग
कोणी पांढऱ्या माशीचं नावच घेतलं नाही! बऱ्याच संकरित बियाण्यांत ती माशी पसरवते त्या लीफ कर्ल (पानं वळवणाऱ्या) विषाणूला प्रतिकार घातलेला असतो, या जुन्या वाणांत तो नाही. रोप जितकं लहान, तितका मार जास्त. म्हणून उगवल्यापासून हलवेपर्यंत ट्रेवर ४० मेशची (इंचाला ४० छिद्रं) नायलॉन जाळी, कडा विटांनी दाबून. पिवळे चिकट सापळे लावा, पण त्यांनी माशी संपत नाही, आली की कळतं एवढंच. पानं उलटी करून बघा, आणि दिसलीच तर १०,००० पीपीएमचं (ही त्याची तीव्रता, डब्यावर लिहिलेली असते) नीम तेल लिटरला २-३ मिली, थोड्या साबणाच्या पाण्यात फेटून, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालून.

पान वळलं की लगेच घाबरू नका. खालची जुनी पानं आत वळून जाड झाली, पण हिरवी आहेत : ऊन किंवा जास्त छाटणी, सोडून द्या. शेंड्याची नवी पानं बारीक, कडा पिवळ्या, वाटीसारखी वर वळलेली : विषाणू. झाडावर आधी प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि मग उपटा, नाहीतर माश्या उडून शेजारच्या झाडावर बसतील.

पानावर नागमोडी रेघ असेल तर साधी नागअळी. रेघेऐवजी पापुद्र्यासारखा मोठा चट्टा, आत काळी विष्ठा, तर टूटा ही टोमॅटोवरची परदेशी अळी. ही २०१४ पासून महाराष्ट्रात आहे. फळातही शिरते, ती पानं तोडून पिशवीत बांधून टाका.

आंबटगोड
लाल माती बाद, जाळी आजच मागवते. शेवटचं : तिन्ही वाणं शेजारी-शेजारी असताना पुढच्या वर्षीचं बी धरता येईल का?

वाफसा
येईल. टोमॅटो बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतो. खात्री हवी असेल तर उमलण्याआधी एका घोसावर ऑर्गंझाची (पातळ, झिरझिरीत कापड) छोटी पिशवी बांधा, टूथब्रश बाहेरूनच लावा, फळ धरलं की पिशवी काढून त्या घोसाला दोरा बांधून खूण करा.

फळ पूर्ण पिकू द्या. चेरोकी पर्पल आणि ब्लॅक क्रिमचे खांदे पिकल्यावरही हिरवट राहतात, ते लाल व्हायची वाट बघत बसू नका. गर आणि बिया वाटीत, दोन-तीन दिवस सावलीत आंबू द्या, रोज ढवळा. बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटलं की धुवा. चांगलं बी तळाशी बसतं. चिनी मातीच्या ताटलीत पसरा, कागदावर नको, चिकटतं. पंख्याखाली पूर्ण वाळवून, नाव-साल लिहून, हवाबंद डबीत सिलिका जेलसकट फ्रिजमध्ये. आपल्या दमट हवेत बाहेर ठेवलेलं बी लवकर म्हातारं होतं.

ब्रँडीवाईनची एक सोय आहे. त्याचं पान बटाट्याच्या पानासारखं, कडेला दाते नसलेलं असतं, आणि हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे दोन्ही पालकांकडून आला तरच दिसतो. तुम्ही धरलेल्या बियांतून दातेरी पानाचं रोप आलं, तर तिथे शेजारच्या झाडाचा पराग लागला म्हणून समजा. ते रोप ट्रेमध्येच वेगळं काढा.