कोल्ट १८५१ नेव्ही: आधी इटालियन कॉपी घेऊ की थेट ओरिजिनल?

ह्यूस्टनवासी:
नमस्कार मंडळी. मी टेक्सासमध्ये असतो, इथल्या गन शोंमुळे जुन्या रिव्हॉल्व्हरांचं वेड लागलंय आणि त्यातही कोल्टची १८५१ नेव्ही म्हणजे जीव की प्राण. सिलेंडरवर जहाजांच्या लढाईचं चित्र कोरलेलं असतं ना, ती टेक्सासच्या आरमाराची मेक्सिकोशी कँपेचेला झालेली लढाई, १६ मे १८४३ ही तारीखसुद्धा कोरलेली असते, इथं राहून ती हातात धरली की अंगावर काटा येतो. तर प्रश्न असा की इटालियन कॉपी तीन-चारशे डॉलरला मिळते, ओरिजिनल चांगली हवी तर काही हजार मोजायला लागतात. परवा एकाकडे ओरिजिनल बघितली, नळी निळीशार, पितळ एकदम चकचकीत, म्हणाला पूर्ण रिस्टोर केलीय. घेऊ का?

जुनं_लोखंड:
नको घेऊस. रिस्टोर केलीय हे तो स्वतःच सांगतोय म्हणजे माणूस प्रामाणिक आहे, पण संग्राहकाच्या दृष्टीनं तिचा जीव गेलाय. बफ मारला, म्हणजे यंत्रावर घासून चकाकी आणली, की सगळ्यात आधी सिलेंडरवरचं चित्रच पुसट होतं, ते उथळच असतं, मग अक्षरांच्या कडा गोल होतात, स्क्रूची भोकं बशीसारखी पसरतात, आणि वरून कितीही सुंदर निळा रंग दिला तरी गेलेलं लोखंड परत येत नाही. त्यापेक्षा तपकिरी पडलेली, ठिकठिकाणी डाग असलेली पण कुणी हात न लावलेली नेव्ही शंभरपट बरी. अजून एक बघ, सिव्हिलियन, म्हणजे लष्कराला नव्हे तर सामान्य लोकांना विकलेल्या नेव्हीच्या ट्रिगर गार्डवर आणि मुठीच्या पट्ट्यांवर मुळात चांदीचा मुलामा असायचा. कोपऱ्याकापऱ्यात तो थोडा उरलेला दिसला तर मला फार आनंद होतो, कारण मग पितळ कुणी घासलेलं नाही.
नंबर मात्र सगळीकडचे जुळव. नळी, फ्रेम, ट्रिगर गार्ड, मुठीची पट्टी, सिलेंडर, आणि नळी अडकवणारी ती छोटी पाचरसुद्धा. बऱ्याच जुन्या नेव्ही दोन-तीन वेगवेगळ्या पिस्तुलांचे भाग जोडून उभ्या केलेल्या असतात, दिसायला झकास पण किंमत निम्मीही नाही.

नळीवाला:
वरच्याशी सहमत, पण मी म्हणेन आधी कॉपी घेच. ठासणीचं रिव्हॉल्व्हर पुस्तक वाचून कळत नाही हो, पाचर काढून नळी वेगळी करा, सिलेंडर उतरवा, घोडा सावकाश मागे ओढून सिलेंडर कुठे लॉक होतो ते कान देऊन ऐका, हे सगळं नव्या कॉपीवर बिनधास्त करता येतं. १८५१ च्या आधुनिक कॉप्या १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकन आयातदारानं इटलीत, ब्रेशियाजवळच्या खोऱ्यात बनवून घ्यायला सुरुवात केली. आज उबेर्ती आणि पिएत्ता ही दोन नावं मुख्य. पितळी फ्रेमवाली स्वस्त असते पण नेव्हीच हवी असेल तर स्टीलची फ्रेम घे, खऱ्या कोल्ट नेव्हीची फ्रेम पितळी नव्हती, पितळी होती ती अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या राज्यांनी यादवी युद्धात केलेली नक्कल. आणि चालवणार असशील तर फक्त बंदुकीची जुनी काळी दारू किंवा तिचा मान्य पर्याय, आजच्या काडतुसांतली स्मोकलेस पावडर अजिबात नाही, रिव्हॉल्व्हर फुटेल.
कॉपी ओळखता आली की फसवणूकही ओळखता येते. इटालियन पिस्तुलावर तिथल्या गार्दोने गावच्या सरकारमान्य तपासणीचे शिक्के असतात, ताऱ्याखाली पीएन ही अक्षरं आणि वर्षाचा कोड. हे शिक्के आणि कंपनीचं नाव घासून, आम्लानं गंज चढवून, तीच कॉपी ओरिजिनल म्हणून विकणारे आहेत. म्हणून शिक्के असायला हवेत त्या जागी लोखंड किंचित खोलगट किंवा वेगळ्या पोताचं दिसतंय का ते भिंग घेऊन बघ.

कोल्हापूरकर:
मस्त चर्चा. भारतात अशी एखादी आणता येते का हो? आमच्याकडे गडकिल्ल्यांमुळे ठासणीच्या बंदुकांचं प्रेम भरपूर.

जुनं_लोखंड:
दादा, तो विचार सोडा. अमेरिकेत १८९८ पर्यंतचं हत्यार आणि ठासणीची कॉपी दोन्ही केंद्रीय कायद्यानं अँटिक मानली जातात (राज्याचे नियम वेगळे असू शकतात, ह्यूस्टनवाल्यानं इतरत्र शिफ्ट व्हायच्या आधी तपासावं). आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात सूट आहे ती जुनाट किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या आणि दुरुस्त करूनही चालू न होणाऱ्या हत्याराला. चालू स्थितीतल्या नेव्हीला ती लागू नाही, कस्टम्सला अडकेल. पुण्यात केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रं आहेत, ती जरूर बघा.

ह्यूस्टनवासी:
खूप आभार सगळ्यांचे. त्या रिस्टोर केलेल्या नेव्हीच्या मालकाला नको म्हणून कळवलं. आता स्टील फ्रेमची उबेर्ती घेतोय, आणि ओरिजिनलसाठी नंबर जुळणारी, न घासलेली मिळेपर्यंत थांबतोय. मिळाली की मुठीच्या कोपऱ्याचे फोटो इथंच टाकतो, चांदी आहे का ते सांगा.